अठरा पुरतेत की

सुग्रीव, परवा केजमध्ये एका फोटो स्टुडिओवाल्याशी मी तुझ्यावरून भांडलो. हळू आवाजात नाही. शेजारच्या रसवंतीतली माणसं हातात ग्लास घेऊन दारात येऊन उभी राहिली, एवढ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी तुझा दहावा होता, फोटो लागत होता, आणि फोटोचं काम तुझ्या आईनं माझ्यावर टाकलं होतं. "तू शिकलेला हायस, तूच आण," म्हणाली मावशी. तुझे सगळे भाऊबंद बसलेले असताना म्हणाली. तसल्या दिवसातही मला ते ऐकून बरं वाटलं, हे सांगून टाकतो. तू असतास तर यावरून महिनाभर मला पिडलं असतंस.

तुझा एक धड फोटो नसावा? लग्नकार्यातल्या फोटोत तू कायम मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड. आधार कार्डावर तू स्वतःच्या चुलत्यासारखा दिसतोस. तुझ्या फोनमध्ये बघितलं तर सगळी मेंढरं, ओढा, आभाळ, आणि एक बाभळीचं झाड सतरा वेळा. दोन दिवस शोधून शेवटी माझ्याच जुन्या फोनमध्ये एक निघाला. कॉलेजात असताना आपण दोघं राहायचो त्या अंबाजोगाईच्या खोलीतला. तू कॉम्प्युटरसमोर बसलायस आणि मान वळवून माझ्याकडं बघत हसतोयस. चेहरा स्वच्छ, उजेड चांगला. पण तो काही मी तुझी आठवण म्हणून काढलेला नव्हता. तुला खोटं पाडायला काढला होता.

आपलं ते जुनं भांडण आधी सांगावं लागेल. तुला पाठ आहे, तू जरा गप बस. वाचणाऱ्यांना कळलं पाहिजे.

कॉम्प्युटरवरचा गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. एका सेकंदाला किती चित्रं येतात, त्यांना फ्रेम म्हणतात. साठ आल्या तर हात हलवला की पडद्यावरचा माणूस हलतो, मधे काही जाणवत नाही. वीसच्या खाली गेल्या की सगळं आचके देत चालतं. आणि गवत किती दाट, सावल्या किती बारीक, पाण्यात आभाळ दिसायचं का नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. देखणेपणा वाढवला की फ्रेम घटतात. दमदार मशीन असलं तर दोन्ही मिळतं. आपलं मशीन बंद पडत चाललेल्या एका नेट कॅफेतून दोघांत मिळून उचललेलं, ग्राफिक्स कार्ड दोन जीबीचं, आणि त्याच्या पंख्याला बारा महिने सर्दी. म्हणजे दोन्हींपैकी एकच मिळणार होतं. मला साठ फ्रेम पाहिजे होत्या. तुला गवत पाहिजे होतं.

मी आल्या आल्या सगळं 'लो' वर न्यायचो. सावल्या बंद, गवत बंद, पाणी म्हणजे निळा पत्रा. कोपऱ्यात साठचा आकडा हिरवा चमकायला लागला की मला बरं वाटायचं. मी आंघोळीला गेलो की तू सगळं 'अल्ट्रा' वर न्यायचास. गेम बंद करून परत चालू केल्याशिवाय ते लागू व्हायचं नाही. त्यात पाच मिनिटं जायची, तुझी पाच, माझी पाच, आणि तोवर लाईट जायची. असे किती दिवस घालवले आपण. गेम कमी खेळलो, सेटिंग जास्त.

"अठरा फ्रेम हायेत," मी म्हणायचो. "अठरा. माणूस चालतोय का पोलिओ झालाय त्याला?"

"पुरतेत की," तू म्हणायचास.

बास. एवढंच. वाद घालायचा तर नीट घालावा माणसानं. मी डोळ्यांचं सांगितलं, मॉनिटरचं सांगितलं, बंदूक चालवायला उशीर होतो हे घड्याळ लावून दाखवलं. त्यावर तू कुठून तरी शोधून आणलंस की सिनेमा चोवीसचाच असतो. मग आठ दिवस तेच. भाजी निवडताना सिनेमा चोवीसचा, मेसला जाताना सिनेमा चोवीसचा. मी म्हणालो, सिनेमात तुला बंदूक चालवायची नसते. तू म्हणालास, "मला इथं तरी कुठं चालवायचीय बे?"

ते मात्र खरं होतं. तू कधी बंदूक चालवलीच नाहीस. सगळी दुनिया तो गेम दरोडे घालायला घ्यायची, तू घोडा घेऊन नदीकाठी जायचास आणि थांबायचास. तुझ्या घोड्याचं नाव पाखऱ्या. पाखऱ्या चरतोय असं तुला वाटायचं, आणि तू बघत बसायचास. मी मागून शिव्या घालायचो, कारण माझा नंबर अडकायचा. एकदा तू मला जवळ बोलावलंस. पडद्याला बोट लावून म्हणालास, "हे बघ. झाडाचा शेंडा हिकडं हालतोय आन् गवत तिकडं. वारं दोन्हीकडून येतंय का काय? ह्या गवताला मेंढरू तोंड लावणार न्हाई." मी म्हणालो, एवढं कोण बघतंय बे.

नंतर मी इंटरनेटवर शोधलं. तुझं बरोबर होतं. जगभरातून लाखो लोकांनी तो गेम खेळला असेल, आणि गवताबद्दल तक्रार लिहिणारे मोजून दोनचार सापडले. हे तुला सांगितलं नाही. कशाला सांगू, डोक्यावर बसला असतास.

आता दुसरं एक सांगायचं राहिलंय, आणि हे सांगताना माझी मान खाली आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील मोटारी भरतात, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरतात. मी कॉम्प्युटर सायन्सला गेलो तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांनी ते सांगितलं. तर त्या सायन्सचा मी पहिला उपयोग काय केला? गेमच्या सेटिंगची एक फाइल असते. तिच्यावर एक खूण केली की ती वाचता येते, बदलता येत नाही. दुसऱ्या वर्षाला मला हे कळलं आणि त्याच दुपारी मी सगळं 'लो' वर ठेवून त्या फाइलवर खूण केली.

तू अल्ट्रा करायचास, गेम परत चालू व्हायचा, आणि सगळं पहिल्यासारखं. गवत गायब. पुन्हा करायचास. पुन्हा गायब. तीन दिवस मी पुस्तक तोंडापुढं धरून बघत होतो.

"कावून असं होतंय बे?" तू विचारलंस.

मी म्हणालो, व्होल्टेज.

आपल्याकडं काहीही बिघडलं तरी व्होल्टेज म्हटलं की माणूस गप होतो. त्यात मी मोटारी भरणाऱ्याचा पोरगा, व्होल्टेजच्या बाबतीत खोलीत माझाच शब्द शेवटचा. तू विश्वास ठेवलास. चौथ्या दिवशी मी लेक्चरला गेलतो, आणि तू कॉम्प्युटरचं कॅबिनेट घोंगडीत गुंडाळून, मोटरसायकलवर पुढ्यात लहान लेकरासारखं धरून दुरुस्तीच्या दुकानात नेलंस. दुकानदाराला दोष सापडेना, कारण दोष नव्हताच. त्यानं सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकलं. पाखऱ्या गेला. नदीकाठची ती जागा, गेममध्ये तू जमा केलेल्या झाडपाल्याच्या वह्या, सगळं गेलं.

मला वाटलं तू आकांत करशील. तू म्हणालास, "जाऊ दे. दुसरा घेऊ घोडा." आणि पुढच्या रविवारी नांदूरघाटाहून येताना घरच्या टीव्हीचा स्टॅबिलायझर उचलून आणलास, दुसरा घोडा मरू नये म्हणून. माझी खूण दुकानदारानं नकळत पुसलीच होती, त्यामुळं सेटिंग टिकायला लागलं. आणि तू आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत सांगत फिरलास, व्होल्टेजच होतं, ह्यानं बरोबर ओळखलं. दोन पोरांनी तुझं ऐकून स्टॅबिलायझर आणले. मावशीचा टीव्ही त्यापायी पूर्ण उन्हाळा बंद होता.

हे मी तुला सांगणार होतो. दर वेळी सांगणार होतो. दर वेळी तू काहीतरी असं बोलायचास की माझं डोकं फिरायचं आणि राहून जायचं. आता सांगतोय, तर तू ऐकून घेतलंस का नाही ते कळायला मार्ग नाही. तुझी वेळ साधायची ही सवय जुनीच.

तो फोटो त्यानंतरच्या हिवाळ्यातला. ग्रुपवर पोरांना दाखवायला मी तुझ्या पडद्याचा फोटो काढत होतो, कोपऱ्यातला हिरवा अठरा नीट यावा म्हणून जवळ आलो, आणि नेमका त्याच वेळी तू वळलास. तोंडात "पुरतेत की" होतंच. ते म्हणत असतानाच फोटो निघाला. त्यामुळं तुझं तोंड अर्धं उघडं आहे आणि सगळे दात दिसतात.

तुझा तो शब्द मला कधीच सोसला नाही, सुग्रीव. फ्रेमपुरता असता तर हसून सोडला असता. पण तिसऱ्या वर्षाला तुझ्या वडिलांचा पाय मोडल्यावर तू घरी गेलास आणि परत आलास तो गादी गुंडाळायला. मी म्हणालो, हे शेवटचंच वर्ष आहे, परीक्षेपुरता तरी ये. मेंढरं चार महिने कुणीतरी बघेल. तू म्हणालास, "एवढं शिकलो, पुरतंय की." मी त्या दिवशी तुला नको ते बोललो. डिग्रीवाला होण्याआधीच डिग्रीचा माज आलाय असं तू बोलला असतास तरी चाललं असतं. तू उलट कॉम्प्युटर मलाच ठेवत होतास. मी तो रागानं तुझ्या टेम्पोत चढवला, स्टॅबिलायझरसकट.

मग मी पास झालो, पुण्याला नोकरी लागली, आणि पहिलं काय केलं तर दमदार मशीन घेतलं. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा पडदा. तुला मुद्दाम बोलावून घेतलं. खुर्चीत बसवलं, कोपऱ्यात आकडा लावला, आणि मागं हाताची घडी घालून उभा राहिलो. तू पाच मिनिटं खेळलास. मग म्हणालास, "लई पळतंय. बघायला काय येत न्हाई." आणि माझ्या डोळ्यांदेखत सेटिंगमध्ये गेलास, एकेक वाढवत नेलंस, आकडा चाळीसवर आणून सोडलास आणि घोडा गवतात नेऊन उभा केलास. एवढं मशीन कशासाठी घेतलं होतं मी? तू गवताकडं बघत होतास आणि म्हणत होतास, इथं बरं केलंय, वारं एकाच बाजूनं हाय.

आता हेही सांगतो. तू गावी परतल्यावर मी ते सेटिंग बदललं नाही. आजपर्यंत चाळीसच आहे. फोनवर तुला एकशे चव्वेचाळीस सांगत होतो.

आणि शेवटचा फोन. तो तर मी दिवसातून दहा वेळा परत बोलतो. तुला ताप होता. चौथा दिवस. आवाजावरून कळत होतं. मी म्हणालो, रक्त तपासून घे, डेंगी फिरतोय सगळीकडं. तू म्हणालास, "मेडिकलवरनं गोळी आणलीय. पुरतीय की." आणि मी काय केलं? सोडून दिलं. अठरा का साठ यावर चार वर्षं तुझा पिच्छा न सोडणारा मी, तापाचा विषय एका वाक्यात सोडून दिला. कारण तू पुढं म्हणालास की जुन्या मशीनवर सावल्या बंद करून गवत वाढवलं तर बावीस येतात. बावीस. मला एवढा आनंद झाला की तू सावल्या सोडायला तयार झालास. पाऊण तास आपण सावल्यांवर बोललो, सुग्रीव. त्या पाऊण तासात तू मोटरसायकलच्या मागं बसून अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर आला असतास. सहाव्या दिवशी तुला आणलं तेव्हा डॉक्टरांसाठी तू काही ठेवलं नव्हतंस.

कोणावर चिडू? तुझ्यावर चिडतो. सोपं पडतं.

तर परवाचा स्टुडिओवाला. माणूस वाईट नाही, कामाचा उरक दांडगा. मी फोटो दिला, चहा पिऊन आलो, तोवर त्यानं तयार केला. तुझ्या अंगात निळा कोट. गालावरून रंधा फिरवल्यासारखा चेहरा गुळगुळीत. डाव्या भुवईतला तो कट, लहानपणी एडक्यानं धडक दिलेला, तो नाही. दात अर्धे झाकलेले. आणि तुझ्या मागं, ऐक बरं का, तुझ्या मागं गवत. हिरवंगार, एकाच मापाचं, कापलेलं, एक पातं इकडचं तिकडं नाही. त्यात कारंजं.

मी म्हणालो, हे गवत काढा.

तो म्हणाला, "सर, सगळे हेच घेतेत."

मी म्हणालो, कोट काढा, कट परत आणा, कातडी होती तशी करा. हनुवटीखाली वस्तरा लागलेली खूण होती ती कुठं गेली? शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, दोरा लोंबत होता, तो दोरा कुठाय?

त्यानं माझ्याकडं दमलेल्या माणसासारखं बघितलं. म्हणाला, "सर, एवढं कोण बघतंय."

माझंच वाक्य. जसंच्या तसं, फक्त बे च्या जागी सर. मग मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. रसवंतीवाले आले ते तेव्हाच. स्टुडिओवाल्याचा त्यात काही गुन्हा नव्हता, आणि शेवटी मी त्याची माफी मागितली. एवढंच म्हणालो की काही लावू नका, काही काढू नका. फोनमध्ये आहे तसा, जेवढा बारीक दिसेल तेवढा दाखवा. मोठा करताना चित्र फाटलं तर फाटू द्या. त्यानं छापला. कधी नव्हे ते आयुष्यात मी कशालातरी 'अल्ट्रा' म्हणालो, आणि तू बघायला नव्हतास.

काल दहाव्याचं उरकून सगळे घरी आले. भिंतीला लावायच्या आधी फोटो पाटावर ठेवला, हार घातला. तेव्हा मला दिसलं. काही काढू नका म्हणालो होतो, तर त्यानं खरंच काही काढलं नव्हतं. तुझ्या खांद्यामागं पडद्याचा तुकडा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात, हाराच्या बरोबर वर, हिरवा अठरा. मोठा करून छापल्यामुळं आता दारातूनसुद्धा वाचता येत होता. दहाव्याच्या फोटोत फ्रेम रेट. तुझे चुलते वाकून बघून गेले.

मावशी जवळ आली. आधी तिनं तुझ्या भुवईवरून बोट फिरवलं, कटावरून. मग त्या लोंबणाऱ्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे बटण लावायचं राहिलंतं माझ्याकडून. मावशीला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, फोन लावते ती. तिनं विचारलं, "हे अठरा काय हाय रं?"

मला वाटलं व्होल्टेज सांगावं. खरंच, तोंडात आलं होतं. पण नाही सांगितलं. म्हणालो, मावशी, कॉम्प्युटरवर तो गवत बघत बसायचा ना, त्याचा आकडा आहे तो. एका सेकंदात तेवढी चित्रं त्याला दिसायची.

ती आकड्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "कमी हायेत का?"

चार वर्षं मी हेच ओरडत होतो. घड्याळ लावून दाखवलं होतं. एवढी वर्षं कुणी विचारलं असतं तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं, कमी आहेत, फार कमी आहेत, एवढ्यात काही होत नाही. आणि ते आजही खरं आहे. तुझे सगळेच आकडे कमी होते, सुग्रीव.

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "पुरतेत की."

तिनं मान हलवली, आणि पदरानं काच पुसली. आणि तू आत, अर्धं तोंड उघडं, सगळे दात काढून माझ्याकडं बघत होतास.